गालाची पारख

सखा म्हात्र्यांनी मूर्ती उचलून उजव्या गालाला लावली आणि "वाळली" म्हटलं, की कारखान्यात त्यावर कोणी वाद घालत नसे. शाडूची माती मोठी लबाड. वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि पोटात ओल धरून बसते. हाताच्या बोटांना ते कळत नाही, कारण मूर्ती करणाऱ्याची बोटं दिवसभर ओलीच असतात. गालाला मात्र कळतं. आत ओल असली की गार लागतं. सखा म्हात्रे, म्हणजे घरातले आबा, चाळीस वर्षं हे करत आले होते. जोहे गावातले दुसरे कारखानेवालेही अडलं की एखादी मूर्ती कडेवर घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि आबा फुशारकीने गाल पुढे करायचे.

माघात आबांना अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता. पेणच्या दवाखान्यात नऊ दिवस काढून ते घरी आले तेव्हा तोंड सरळ झालं होतं, हात वर जात होता आणि शिव्या तर पहिल्याहून स्पष्ट येत होत्या. त्यांच्या बायकोने, बायजाने, देवाला नारळ फोडला. फक्त एक झालं. कोणती मूर्ती कधी साच्यातून काढली, कोणती कुणाकडे जायची, कोणती आधी रंगवायची, हे सगळं आबांच्या डोक्यात असायचं, ते निसटायला लागलं. चैत्रात त्यांनी एकाच मूर्तीला दोनदा रंगाआधीचं पांढरं अस्तर मारायला सांगितलं. मुलगा ऋत्विक हसला. आबा त्यानंतर दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

ते दोन दिवस सुनेच्या, प्रणिताच्या, मनाला लागले. ती बारावीला सायन्स घेतलेली, निकाल लागला त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. कारखान्यात डोळ्यांची आखणी तिच्याकडे. गणपतीचे डोळे काढायचे म्हणजे हात हलता कामा नये आणि मन तर अजिबात हलता कामा नये. आबांच्या डोक्यातलं काढून ठेवायला तिने आधी वही केली. आठ दिवसांत वहीवर पांढऱ्या रंगाचे इतके अंगठे उमटले की ती वाचायला ज्योतिषी बोलवावा लागला असता. शिवाय वही आपणहून उद्या काय करायचं ते सांगत नाही.

मग तिने मोबाईलवर प्रोग्राम लिहायचं ठरवलं. येत काहीच नव्हतं. दुपारी जेवणं झाली की अख्खा कारखाना तासभर आडवा व्हायचा. तो तास तिचा. एका व्हिडिओखाली तिला 'कोडकट्टा' नावाचा ग्रुप सापडला. मराठीत प्रोग्रामिंग शिकणारे चार हजार लोक, आणि त्यांतले निम्मे कायम कशाला तरी अडलेले. कोणी मास्तर नव्हता, फी नव्हती, परीक्षाही नव्हती. अडलं की विचारायचं आणि ज्याला कळतंय त्याने सांगायचं, एवढाच कारभार.

पहिला प्रश्न विचारायला तिला चार दिवस लागले. लाल अक्षरांत काहीतरी चूक आली होती. ती कळेना, म्हणून तिने बायजाच्या मोबाईलने आपल्या मोबाईलचा फोटो काढून टाकला. त्यात अक्षरांपेक्षा तिच्या बोटाची सावली जास्त होती.

"ताई, फोटो नको. मजकूर चिकटवा," एकाने लिहिलं.

"आधी शोधून बघत जा, मग विचारा," ध्रुव नावाच्या कोणीतरी लिहिलं. त्याखाली तीन हसरे चेहरे.

प्रणिताने मोबाईल उलटा ठेवला आणि आखणीला बसली. त्या दिवशीचे चार गणपती जरा रागावलेलेच दिसतात, असं बायजा नंतर म्हणाली.

संध्याकाळी बघते तर आणखी एक उत्तर होतं. अंतरा नावाच्या मुलीचं. "प्रणिता, तू आकडे मराठीत लिहिलेस. ते इंग्रजीत टाक. प्रोग्रामला मराठी पाच कळत नाही."

"एवढंही कळत नाही?" प्रणिताने विचारलं.

"त्याला काहीच कळत नाही गं. म्हणून तर सगळं सांगावं लागतं."

तिथून जमलं. अंतरा रोह्यापलीकडच्या अष्टमी गावची, शिक्षकाची मुलगी. एका कंपनीच्या प्रयोगशाळेत शिफ्टला जायची आणि कंपनीच्या बसमध्ये बसून ग्रुपवर उत्तरं द्यायची. ती स्वतःही तीन वर्षांपूर्वी याच कट्ट्यावर असंच मार खात शिकली होती. प्रणिता दुसऱ्याचं लिहिलेलं उचलायची, त्यात आपली ढवळाढवळ करायची, ते मोडायचं, मग विचारायची. आतली ओळ आत सरकवायची राहिली, कुठे टिंब राहिलं, कुठे कंस उघडाच. रोज तीच चूक, आणि रोज वेगळ्या माणसाचं उत्तर. कोणी लातूरचा रिक्षावाला, कोणी साताऱ्याची नर्स. यांतल्या एकाचंही तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण भात शिजताना ती त्यांच्यावर मनात रुसायची आणि भात उतरेपर्यंत रुसवा संपायचा.

ज्येष्ठात प्रोग्राम चालायला लागला. प्रत्येक मूर्तीच्या बैठकीखाली आकडा. साच्यातून काढली की तारीख भरायची. आबांनी "वाळली" म्हटलं की तेही भरायचं. मग सकाळी उठलं की रंगवायच्या मूर्तींची यादी तयार, जी आधी पोचवायची ती वर.

"आता माज्या कारखान्यात मोबाईल सांगंल ते ऐकायचं?" आबांनी विचारलं.

"तुमी वाळली म्हणाल तवाच ती यादीत येते, आबा."

"मंग मोबाईल काय करतो?"

"ध्यानात ठेवतो."

आबा साच्याकडे वळले. त्या दिवसापासून यादी कारखान्याच्या दाराला चिकटायला लागली.

आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात अष्टमीहून पुंडलिकशेठचा फोन आला. पुंडलिकशेठचं मूर्तींचं दुकान मोठं. शाडूच्या चाळीस मूर्ती त्यांनी आधी नेल्या होत्या आणि दीडशे न्यायच्या होत्या. त्यावरच म्हात्र्यांचा हंगाम उभा होता. चाळीसातल्या तेवीस मूर्तींच्या रंगाला फोड आले होते. ओल्या मूर्तीला रंग लावला की असंच होतं. आतलं पाणी बाहेर यायला बघतं आणि रंग त्याला सोडत नाही.

"यादीनं घात केला," ऋत्विक म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की त्याला पटकन कोणीतरी धरायला लागायचं. "आबांनी चाळीस वर्सं केलं, कंदी एक मूर्ती परत आली नाय. ह्या वर्सी मोबाईल आला नि तेवीस आल्या. तुजं तूच बग, गो."

प्रणिताने आबांकडे पाहिलं. आबा साचा पुसत होते. पुसून झालेला साचा त्यांनी परत पुसायला घेतला.

खराब मूर्ती आणायला दुसऱ्या दिवशी टेम्पो निघाला, तेव्हा ऋत्विकने तिलाही बसवलं. कुंडलिका नदीच्या पुलावरून नवरा-बायको अष्टमीत शिरले. दुकानात पुंडलिकशेठनी एक मूर्ती पुढे ओढली आणि सोंडेवरच्या फोडाला नख लावलं. पोळीचा पापुद्रा सुटावा तसा रंग हातात आला.

"वहिनी, देवाला कांजिण्या आल्यात," ते म्हणाले. दुकानातली माणसं हसली. "ऐकलं, तुम्ही मोबाईलला विचारून रंगवता?"

प्रणिताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ऋत्विक खाली बघत होता.

"हे बघ ऋत्विक, तुझ्या बापाकडे बघून सांगतो," शेठ म्हणाले. "पुढच्या मंगळवारी मी जोह्याला येतो. स्वतः बघणार. दीडशेतली एक जरी ओली मला सापडली, तर सगळ्या हमरापूरच्या कारखान्यांतून उचलीन. मला गिऱ्हाइकाच्या घरात देवाची सालं निघालेली परवडणार नाहीत."

ऋत्विक मूर्ती भरायला लागला तशी प्रणिताने अंतराला फोन केला. आजवर नुसतं लिहिणं झालं होतं, आवाज पहिल्यांदाच. अंतरा दहा मिनिटांत स्कूटरवर आली. दुपारची शिफ्ट गाठायची होती, कंपनीचा निळा शर्ट अंगावर होता. मनात धरली होती त्याहून बरीच बुटकी निघाली. टेम्पोच्या मागच्या फळीवर दोघी बसल्या.

"एकेक ओळ वाच आणि ती काय करते ते मला सांग. मी माठ आहे असं समज."

प्रणिता वाचत गेली. सांगताना कुठे अडली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत आल्यावर अंतराने मान हलवली.

"प्रोग्राम बरोबर आहे गं. तू त्यात जे भरतेस, ते बरोबर आहे का?"

"आबा सांगतात तेच भरते."

"ते तपासलंस?"

"आबांचं काय तपासायचं?"

"आम्ही लॅबमध्ये साहेबाचंही तपासतो," अंतरा म्हणाली. "वजन कर. आत पाणी असेल तोवर मूर्तीचं वजन रोज घटणार. घटायचं थांबलं की वाळली. घाई कर, तुझ्याकडे सातच दिवस आहेत." आणि स्कूटर सुरू करता करता म्हणाली, "मला पण पहिल्या वर्षी असंच वाटायचं, की चूक माझीच असणार."

घरी आल्यावर ऋत्विकने दारावरची यादी फाडून टाकली. "बास आता. पयल्यासारकं. आबा सांगतील तसं." दुसऱ्या दिवशी दुपारी कारखाना आडवा झाल्यावर तिने रंग जोखायचा काटा ओढला आणि आबांनी वाळल्या म्हटलेल्या बारा मूर्ती एकेक करून जोखल्या. संध्याकाळी चहा टाकायच्या आधी परत जोखल्या. बाराच्या बारा घटल्या होत्या. दुसऱ्या सकाळी आणखी घटल्या. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चूक आबांची होती.

त्या दुपारी ती काट्याशी वाकली असताना मागून आबा आले.

"माज्यावर पहारा करतेस?"

"नाय आबा."

"मंग काटा कशाला? मला इचार." त्यांनी तिच्या हातातली मूर्ती घेतली, उजव्या गालाला लावली आणि डोळे मिटले. "वाळली."

मूर्ती गालावरून बाजूला झाली आणि त्यांच्या गालावर माशी बसली. गालावरून चालत ओठाच्या कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे थांबली, पाय चोळत बसली. आबांनी हाकलली नाही. प्रणिताने न राहवून हाताने माशी उडवली. तिची बोटं त्यांच्या गालाला लागली, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आबा," ती म्हणाली, "कवापासून?"

आबा खाली पाटावर बसले. मूर्तीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला.

"माघापासून."

"डावा गाल?"

"त्याला चाळीस वर्सांत कंदी काय इचारलं नाय. आता तो काय सांगनार?"

"मंग वाळली कसं म्हणता?"

"अंदाजानं." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. या माणसाने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "कोनाला सांगू नको, गो पोरी. लोकं मूर्त्या घेऊन यायची थांबतील."

प्रणिताला राग आला. तेवीस मूर्तींचा ठपका तिच्या माथी बसला होता, दुकानातली माणसं तिला हसली होती, नवऱ्याने यादी फाडली होती आणि हे साचा पुसत बसले होते. पण समोर बसलेला म्हातारा स्वतःच्याच गालाला चिमटे काढून बघत होता. तिचा राग टिकेना.

"नाय सांगत," ती म्हणाली. "पण मला शिकवा."

ग्रुपवर तिने वजनांचे आकडे टाकले. कोणत्या आकड्याला थांबायचं, हे प्रोग्रामला कसं सांगू? संध्याकाळपर्यंत वाद रंगला. नर्सबाई म्हणाल्या, काट्याचाही थोडा फरक धरावा. रिक्षावाल्याने वेगळीच वाट सुचवली. शेवटी ज्याने पहिल्या दिवशी आधी शोधून बघायला सांगितलं होतं, त्याच ध्रुवने सहा ओळी लिहून दिल्या. लागोपाठ तीन वजनं सारखी आली तरच वाळली. "चांगला प्रश्न होता, ताई," त्याने खाली लिहिलं. मग विचारलं, "सध्या वाळली की नाही ते कोण ठरवतं?"

प्रणिताने 'आबा' असं लिहिलं. ते पुसलं. 'अंदाजाने' असं लिहून पाठवलं.

मग रोज दुपारी तासभर सासरा आणि सून काट्याच्या दोन बाजूंना बसायला लागले. बायजाला वाटलं, आबा सुनेला समजावतायत.

"गाल टेकव. दाबू नको. आता मनात पाच मोज. पयल्यांदा सगळीच गार लागते. पाचानंतर बी जी गार ऱ्हाते, ती वली."

ती मोजायची, सांगायची आणि मग काट्याचे आकडे बघायची. पहिल्या दिवशी दहातल्या पाच चुकल्या, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. आबा करवादले, "पाच म्हनजे पाच. तू तीनलाच सोडतेस." दुसऱ्या दिवशी तीन चुकल्या. चूक झाली, की कुठे झाली ते बघायचं आणि परत करायचं, हे तिला आता अंगवळणी पडलं होतं. चार हजार लोकांसमोर वेडी ठरलेल्या बाईला एका सासऱ्यासमोर चुकायची लाज ती काय? चौथ्या दिवशी दहाच्या दहा बरोबर आल्या. आबांनी शाबासकी दिली नाही. उजवा गाल खाजवला, न खाजणारा, आणि उठून गेले.

त्याच दुपारी ग्रुपवर कोणा नवीन मुलीने स्क्रीनचा फोटो टाकला होता. अर्ध्या फोटोत अंगठा. हसरे चेहरे पडायच्या आत प्रणिताने लिहिलं, "फोटोत दिसत नाहीये, मजकूर चिकटव. घाबरू नको, सापडेल."

मंगळवारी सकाळी पुंडलिकशेठ टेम्पो घेऊनच आले. पाऊस उघडला होता. दीडशे मूर्ती फळ्यांवर रांगेने मांडलेल्या, वर पंखे गरगरत होते. ऋत्विकने खुर्ची दिली, बायजाने चहा आणला.

"मोबाईल बंद केला शेठ," ऋत्विकने बसता बसता सांगून टाकलं. "आता सगळं आबांच्या गालावर."

"म्हणजे चूक मोबाईलची होती?"

ऋत्विकने प्रणिताकडे पाहिलं.

"चूक माजी व्हती," प्रणिता म्हणाली.

पुंडलिकशेठनी मान डोलावली. उठून रांगेतून फिरले. मधलीच एक दीड फुटाची मूर्ती त्यांनी निवडली. देखणी होती, ओठांत हसू होतं. "ही आधी रंगवा. दुकानात पुढे ठेवतो. घ्या आबा, लावा गाल."

आबांनी दोन्ही हातांनी मूर्ती घेतली. सगळे बघत होते. त्यांनी ती खांद्यापर्यंत उचलली. ती ओली असल्याचं प्रणिताला कालपासून ठाऊक होतं. सकाळी जोखली तेव्हाही वजन घटलेलं होतं. आबा वाळली म्हणणार आणि शेठना एक ओली सापडणार. तोंड उघडावं तर दिलेला शब्द आड येत होता.

आबांचे हात तिथेच थांबले. मग त्यांनी मूर्ती खाली घेतली आणि प्रणितापुढे धरली.

"हिला इचारा."

"म्हणजे?"

"माजा गाल मेलाय शेठ. माघापासून. काय कळत नाय त्याला. त्या तेवीस मूर्त्या मी वाळल्या म्हनून सांगितल्या. हिनं नुसत्या लिवल्या."

ऋत्विकचे कान लालबुंद झाले.

प्रणिताने मूर्ती घेतली. गाल टेकवला. दाबला नाही. मनात पाच मोजले, मग आणखी पाच मोजले, कारण आता चुकलं तर सगळंच चुकणार होतं.

"वली हाय, शेठ," ती म्हणाली. "आजून दोन दिवस तरी रंग लावायचा नाय."

"आणि बाकीच्या?"

"एकशे चार वाळल्यात. सेहेचाळीस ऱ्हायल्यात. कोनच्या त्ये मी सांगते."

ऋत्विक पुढे झाला. "शेठ, तुमी म्हनाला व्हता एक जरी वली..."

"मला सापडली तर, असं म्हणालो होतो," शेठ म्हणाले. "ही मला सापडली नाही. हिने सांगितली." त्यांनी चहाचा कप उचलला. "वाळल्यात त्या रंगाला घ्या. बाकीच्या ही म्हणेल तेव्हा." मग सवयीने आबांकडे वळून विचारलं, "बरोबर सांगते ना पण?"

"मला काय इचारता?" आबा म्हणाले.

त्यांनी प्रणिताच्या हातातली मूर्ती घेतली आणि फळीवर होती त्या जागी परत ठेवली. दुसऱ्याने पारखलेली मूर्ती स्वतःच्या गालाला न लावता त्यांनी ठेवली, असं कारखान्यात आजवर कधी झालं नव्हतं.